बंडाची गाणी आणि बाईचा गळा

फेब्रुवारी लागला की आमच्या सिंधुदुर्गात एक मागणी ठरलेली असते. कुडाळ, कणकवली, मालवण, वेंगुर्ला, कुठल्या ना कुठल्या गटातून फोन येतो, "ताई, आठ मार्चला लावायला बंडाची गाणी हवीत. पंधरा-वीस काढून द्या. पेन ड्राइव्हवर घालून दिलीत तर फारच बरं." पूर्वी हीच मागणी कॅसेटसाठी असायची, मग सीडीसाठी, आता मोबाईलवरच्या प्लेलिस्टसाठी असते. मागणी चांगलीच आहे. सत्तेसमोर उभं राहायचं तर गाणं लागतं. गाण्याशिवाय मोर्चा चालत नाही, शिबिर जमत नाही, आणि तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर उन्हात चार तास बसून राहण्याचा धीरही येत नाही. तेव्हा माझा वाद गाण्यांशी नाही. या याद्या ज्या रीतीनं तयार होतात त्या रीतीशी माझा वाद आहे. आणि त्या मोठ्या आवाजात लावून आपण सगळ्याजणी जे समाधान करून घेतो, त्याच्याशी आहे.

तयार यादी कशी असते ते आपल्याला पाठ आहे. सुरुवातीला एक-दोन पोवाडे. मग स्वातंत्र्यलढ्यातली गाणी, शाहिरांची तीन-चार, हिंदी सिनेमातली जोशाची पाच-सहा, आणि महिला दिन आहे म्हणून बाईच्या कौतुकाची दोन. त्यातलं एक आईच्या थोरवीचं, दुसरं बाईला देवी करून टाकणारं. सगळी गाणी खणखणीत. पण यादी समोर ठेवून तीन साधे प्रश्न विचारा. यातली किती बाईनं रचली आहेत? किती बाईनं कोणाला तरी न आवडता गायली आहेत? आणि आपल्या तालुक्यातलं, आपल्या बोलीतलं यात काही आहे का? उत्तर बहुतेक वेळा शून्याच्या आसपास येतं. दिवस बाईच्या बंडाचा आणि गळा सगळा दुसऱ्याचा!

यावर मला सांगितलं जातं की गाणं कोणाचं हे कशाला बघायचं, आशय बघावा. ठीक आहे, आशयच बघू.

जोशाच्या गाण्यांत, घोषणांत आणि भाषणांत एक ठरलेली शिवी असते. जो लढत नाही त्यानं म्हणे बांगड्या भरल्या आहेत. आपल्याकडे अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर त्याला बांगड्यांचा आहेर देतात, आणि तो द्यायला पुढे कोणाला करतात? महिला आघाडीला! बायाच हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवतात आणि बजावतात की तू आमच्यासारखा आहेस, म्हणजे कुचकामी आहेस. आपणच आपल्या हातांचा असा अपमान करतो आणि त्याला आंदोलन म्हणतो. याच बांगड्यांच्या हातांनी मालवणच्या बाजारात म्हावऱ्याच्या पाट्या उतरतात, याच हातांनी पावसात कमरेइतकं वाकून तरवा लागतो. तेव्हा यादीतून पहिली काट मारायची ती इथं. ज्या गाण्यात भित्रेपणाला बायकीपणा म्हटलं आहे, मर्दपणाला शौर्य म्हटलं आहे आणि बाईची इज्जत ही पुरुषानं राखायची ठेव मानली आहे, ते कितीही जोरकस असलं तरी आपल्या यादीत नको. ते सरकारच्या विरोधात असेल, पण घरातल्या सरकारच्या बाजूचं आहे.

दुसरी काट परवानगीच्या बंडावर. कोकणात शिमगा आहे. पाच दिवस वाटेल ते बोलावं, बोंब मारावी, गावातल्या मोठ्या माणसाची टर उडवावी, सोंगं काढावीत. पुरुष लुगडं नेसून राधा होतो आणि दारोदार नाचतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यात बंडखोरी बघतात. मला त्यात एक बाब खटकते. शिमग्यातल्या शिव्यांमध्ये अवयव कोणाचे असतात? बाईचे. त्या वेळी बाई कुठे असते? खळ्याच्या कडेला, नाहीतर दाराआड. आणि सहाव्या दिवशी काय होतं? मानकरी आपल्या जागी, महारवाडा आपल्या जागी, बाई चुलीशी. कॅलेंडरनं नेमून दिलेल्या बंडानं सत्ता हलत नाही, उलट तिला थोडी मोकळी हवा मिळते. आपला आठ मार्चसुद्धा हळूहळू असाच बायकांचा शिमगा होऊ लागला आहे, हे मला कडू तोंडानं सांगावं लागतं. एक दिवस गाणी, नाच, फेटे बांधून स्कूटरवरून फेरी, आणि नऊ तारखेला सकाळी पाणी भरायला तीच.

आता शाहिरांकडे येते, कारण तिथं मला आदरानंच बोलायचं आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या चाळींत, संपात, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी जे गायलं त्यानं सरकारला घाम फोडला, आणि सरकारनं त्यांच्यावर बंदीही आणली. त्यांची गाणी आपल्या यादीत असायलाच हवीत. पण अण्णा भाऊंची मैनेची छक्कड लावताना आपण सिंधुदुर्गच्या बायांनी जरा थांबावं. मुंबईत पोटासाठी आलेला पुरुष गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो आणि त्या विरहातून महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचं दुःख सांगतो. रचना मोठी आहे. पण ती गावाकडे राहिलेली बाई म्हणजे कोण? ती आपली आजी, आपली आई. मालवण-देवगडचे पुरुष गिरण्यांत गेले आणि गावं मनिऑर्डरीवर जगली. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ बाया होत्या. बाया इथं फार सुखात आहेत म्हणून हा आकडा वाढलेला नाही. पुरुष कामाला मुंबईला जातात, हे त्याचं मोठं कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मनिऑर्डर बंद झाली. तेव्हा सावकाराकडे जाणारी, दागिना मोडणारी, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी बाई हीच. तिनं त्या काळात काय म्हटलं? तिची छक्कड कुठे आहे?

ती नव्हती असं नाही. ती कोणी मागितली नाही.

अमर शेखांचंच उदाहरण घ्या. त्यांचा पहाडी आवाज महाराष्ट्राला माहीत आहे. त्या आवाजाला गाण्याचं वळण लावलं ते त्यांच्या आईनं, मुनेरबींनी. ओव्या आणि लोकगीतं त्यांनी आईकडून घेतली. यादीवर नाव मुलाचं येतं, आईचं येत नाही. पुढच्या पिढीत या घराची लेक मलिका अमर शेख हिनं १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. बंडखोर म्हणून नावाजलेल्या कवीच्या संसारात बाईच्या वाट्याला काय येतं, ते तिनं नाव घेऊन सांगितलं. म्हणजे एका घराची ही तीन माणसं झाली: गाणं देणारी आई, गाजणारा मुलगा आणि घरातल्या बंडाचा हिशोब मागणारी नात. आपली यादी मधल्यावर थांबते. मी म्हणते, तिन्ही घ्या. आजीची ओवी मिळत नसेल तर तिचं नाव तरी घ्या.

नावाचा प्रश्न किरकोळ नाही. कॅसेटच्या वेष्टनावर छापलेलं असायचं: गीत पारंपरिक, चाल पारंपरिक. ही पारंपरिक बाई कोण होती? तिचं गाव कोणतं, जात कोणती, तिनं हे कोणाकडून घेतलं आणि त्यात आपलं काय घातलं? कोणी विचारलं नाही. संगीतकाराचं नाव मात्र ठळक. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. एक लाखाहून जास्त ओव्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या नावानिशी, फोटोनिशी लोकांपुढे येत आहेत. पिठाची गिरणी आली, जातं अडगळीत गेलं, आणि त्याबरोबर बाईची एकटीनं बोलण्याची पहाटेची जागाही गेली. जी थोडी राहिली ती या कामामुळे राहिली. आमच्या जिल्ह्यात असं काम गावागावातून होणं बाकी आहे.

मात्र इथं एक सावधगिरी. बाईनं गायलं म्हणजे बंड झालं असं समजू नका. ओव्यांत भावाचं कौतुक आहे, लेकाची मागणी आहे, सवाष्ण मरण यावं अशी इच्छा आहे, पतिव्रतेची महती आहे. वरच्या जातीच्या बाईच्या ओवीत खालच्या जातीच्या बाईसाठी जागा नाही, असंही आढळतं. आमच्या गणपतीतल्या फुगड्यांत सासू-नणंदेवर तोंडसुख घेतलेलं असतं, पण सासऱ्यावर, नवऱ्यावर, जमिनीच्या मालकावर बोट क्वचित जातं. बाईनं बाईला बोल लावून मोकळं व्हावं हे घराच्या सत्तेला सोयीचंच आहे. तेव्हा जुनं आहे, आपल्या मातीतलं आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. निवडा. भर बाजारात निःसंकोच जाण्याची भाषा करणारी जनाबाई घ्या. देहाच्या विटाळावर प्रश्न विचारणारी सोयराबाई घ्या. १८५४ साली 'काव्यफुले' छापून आणणाऱ्या सावित्रीबाई घ्या. त्या तिघींनी कोणाला तरी अडचणीत आणलं होतं.

यावरून मला निवडीची एकच कसोटी दिसते. गाण्यात तलवार, मशाल, रक्त किती वेळा आलं ते मोजू नका. ते गाणं कोणी, कोणासमोर गायलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते विचारा.

आपल्या शेजारीच बघा. गोवा-सावंतवाडीच्या पट्ट्यात भाविणी-कलावंतिणींची घरं होती. गाणं शिकायचं, सभेत बसून गायचं हे त्या बायांनाच करता येई, आणि ते केल्याबद्दल समाज त्यांना नावं ठेवी. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला गाण्याची बंदी आणि गाणाऱ्या बाईला घरंदाज म्हणवून घेण्याची बंदी, असा दोन्हीकडून आवळलेला फास होता. त्याच कलावंत समाजातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. जिला गावच्या प्रतिष्ठेत जागा नव्हती तिला ताऱ्यांमध्ये जागा मिळाली! त्यांनी क्रांतीचं एकही पद गायलं नसेल, पण मान ताठ ठेवून, आपली बिदागी ठरवून चारचौघांत गाणं हीच त्या काळी मोठी अवज्ञा होती. माझ्या यादीत केसरबाई आहेत.

दलितांच्या गाण्याला तर आजही किंमत मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, त्यावरून वाद पेटला. एका रिंगटोनसाठी जीव! कबीर कला मंचाची शीतल साठे २०१३ मध्ये गरोदरपणी तुरुंगात गेली. त्याच मंचाची ज्योती जगताप सप्टेंबर २०२० मध्ये तुरुंगात गेली आणि वर्षानुवर्षं आत राहिली. दुसरीकडे कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं, आणि कुठल्या कंपनीची दारं न ठोठावता त्यांचा आवाज वस्तीवस्तीत पोचला. आपल्या जिल्ह्यातल्या 'सर्वसमावेशक' याद्यांत भीमगीत घालायची वेळ आली की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते नको, वाद होतील." वाद होतील म्हणूनच ते बंडाचं गाणं आहे, बाई! ज्यानं कोणाचीच झोप मोडणार नाही अशी गाणी लावायला आपण काय बारशाला जमलो आहोत?

इराणात १९७९ पासून बाईनं पुरुषांसमोर एकटीनं गाण्याला बंदी आहे. तिथं बाईनं प्रेमाची साधी ओळ गायली तरी ते कायद्याविरुद्ध होतं. म्हणजे बंड शब्दांत असेलच असं नाही, गळ्यात असू शकतं. इथं तसा कायदा नाही, पण कायद्याची गरजही पडलेली नाही. बाजारात मासे विकणारी बाई मोठ्यानं बोलते, म्हणून विधानसभेत गोंधळ झाला की वर्तमानपत्रं लिहितात, "सभागृहाचा मासळी बाजार झाला." आमचा रोजगाराचा आवाज या भाषेत शिवी आहे. दशावतारात परंपरेनं बाईची भूमिका पुरुषानं करायची, तिचं गाणं पुरुषानं गायचं, आणि बाईनं जत्रेत पहाटेपर्यंत बसून आपलंच दुःख पुरुषाच्या तोंडून ऐकायचं. भजनाच्या डबलबारीला हजार माणूस लोटतं, दोन्ही बाजूंचे बुवा बहुतेक पुरुष. आवाज हा या किनाऱ्यावर पुरुषांच्या नावावर चढवलेला सातबारा आहे.

सातबाऱ्यावरून आठवलं ते सांगते. मालवण तालुक्यातलंच गाव, नाव देत नाही. काही वर्षांपूर्वी तिथं आठ मार्चचा कार्यक्रम झाला. मंडप, खुर्च्या, भेटवस्तू पुरस्कर्त्यांकडून. स्पीकरवर सकाळपासून बंडाची गाणी. आणि कार्यक्रमाची सुरुवात कशानं? हळदीकुंकवानं! दारात दोघी करंडा घेऊन उभ्या. साहजिकच नवरा गेलेल्या बाया मागच्या रांगेत जाऊन बसल्या. कोणी त्यांना मागे बसा म्हटलं नाही, कोणी पुढे या असंही म्हटलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं. परिपत्रक कचेऱ्यांत पोचलं, करंड्यापर्यंत पोचलं नाही. स्पीकर बेड्या तोडायला सांगत होता आणि त्याच्या खालीच बायकांच्या दोन रांगा लागल्या होत्या.

मागच्या रांगेत एक साठीची काकी होती. एकेकाळी गावातल्या फुगडीत तीच पुढे असायची. नवरा गेल्यावर ती कडेला झाली. दुपारी वीज गेली आणि स्पीकर बंद पडला. तेव्हा कॉलेजातल्या एका मुलीनं तिला हाताला धरून उठवलं आणि गाणं म्हणायला सांगितलं. काकी म्हणाली, "आमचा ता गाणा न्हय, ती फुगडी." तरी तिनं दोन जुन्या फुगड्या म्हटल्या, बाया टाळ्या धरू लागल्या. तिसरी तिनं स्वतः केलेली होती. नवऱ्याच्या मागे दिरांनी वारस नोंद होऊ दिली नाही. राबणं आपलं, नांगर आपला, मग कागदावर माझं नाव कोणत्या गटात हरवलं, ते तलाठीभाऊ शोधून द्या, असा त्या फुगडीचा अर्थ होता. आधी हशा पिकला. मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या, कारण दिरांच्या घरच्या बाया तिथंच होत्या.

दुसऱ्या दिवशी दीर गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात. "आमच्या घरच्या बाईला परत असं उभं करायचं नाय." मैत्रिणींनो, सकाळपासून वाजलेल्या त्या क्रांतिगीतांवर गावातल्या एकाही पुरुषानं हरकत घेतली नव्हती. उलट जेवताना मान डोलावली होती. हरकत आली ती या एका फुगडीला. त्या दिवशीच्या कार्यक्रमात बंडाचं गाणं कोणतं होतं, हे मला दिरानं सांगितलं! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला आहे, हे आम्ही शिबिरांतून किती वेळा सांगितलं असेल. पण त्या फुगडीनंतर चार बाया आपणहून तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या आणि वारस नोंदीचा अर्ज दिला गेला.

यातून मी जे शिकले तेच मला ठासून मांडायचं आहे. चळवळीची गाणी ऐकण्यासाठी नव्हती, म्हणण्यासाठी होती. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं. ज्योती म्हापसेकरांच्या त्या नाटकाचे हजारो प्रयोग झाले, आणि प्रेक्षकांतल्या बाया गाणी तोंडात घेऊन घरी गेल्या. कमला भसीन २०२१ मध्ये गेल्या. त्या ओळखीच्या चालींवर नवे शब्द बसवत, कारण ओळखीची चाल कोणालाही पहिल्या दिवशी म्हणता येते. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया थाळ्या आणि लाटणी वाजवत रस्त्यावर आल्या. त्या आवाजाला ना गीतकार होता, ना गायक. नोव्हेंबर २०१९ मध्ये चिले देशातल्या वालपराइसो शहरात 'लास तेसिस' या चार बायकांच्या गटानं बलात्काराविरुद्धचं गीत रस्त्यावर सादर केलं. डोळ्यांवर पट्टी, सोप्या हालचाली, आणि बोट थेट पोलीस, न्यायाधीश, सरकार यांच्याकडे. काही आठवड्यांत ते अनेक देशांत त्या त्या भाषेत म्हटलं गेलं, भारतातही. म्हटलं गेलं, वाजवलं गेलं नाही! स्पीकरवरच्या गाण्याचं बटण ज्याच्या हातात असतं, बंडही त्याच्याच हातात असतं. पुरस्कर्त्याचं भाषण सुरू झालं की तो बटण दाबतो आणि बंड बंद होतं. बायांच्या तोंडचं गाणं असं बंद करता येत नाही. त्यासाठी दारात यावं लागतं.

हरकती मला माहीत आहेत. पहिली, "आमचा आवाज चांगला नाही." डबलबारीत रात्री दोन वाजता बुवांचा घसा बसलेला असतो, तरी माणूस उठून जात नाही. सूर लागलाच पाहिजे ही अट बाईलाच का? दुसरी, "मुलींना हे जुनाट वाटतं, त्यांना ठेक्याचं लागतं." मग त्यांना ठेका धरू द्या. शाळा-कॉलेजातल्या पोरी रॅप म्हणतात, मोबाईलवर स्वतःच ठोके बसवतात. फुगडीचा ठेका त्यांना परका नाही, शब्द मात्र त्यांचे हवेत. बसमध्ये अंगाला लागणाऱ्या हातावर, रात्री आठनंतर घराबाहेर न राहण्याच्या हुकमावर, मोबाईल तपासणाऱ्या भावावर. तिसरी, "मालवणीत म्हटलं तर बाहेरच्यांना कळणार नाही." बाहेरच्यांना कळण्याआधी गावच्या सरपंचाला, दिराला, खाणमालकाला कळलं पाहिजे, आणि त्यांना मालवणी चांगली कळते. दोडामार्गच्या कळण्यात खाणीविरुद्ध लढा झाला, जुलै २०२१ मध्ये त्या खाणीचा बांध फुटून चिखलपाणी शेतांत शिरलं. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांनी किती वर्षं झगडा केला. या सगळ्यांत बाया काय म्हणत होत्या? ते आज लिहून घेतलं नाही तर वीस वर्षांनी तेही 'पारंपरिक' म्हणून छापलं जाईल.

म्हणून या वर्षी आमच्याकडे यादी मागणाऱ्या प्रत्येक गटाला मी एकच उत्तर देणार आहे. यादी तयार मिळणार नाही, आपण मिळून करू. तीस गाणी नकोत, आठ पुरेत. त्यातली दोन गाजलेल्या शाहिरांची खुशाल घ्या. दोन महाराष्ट्रातल्या बायांची घ्या, त्यात एक तरी दलित किंवा आदिवासी बाईची असावी. एक जगातल्या कुठल्याही देशातलं घ्या आणि त्याचा अर्थ आधी सांगा. उरलेली तीन तुमच्याच गावातली, आणि त्यातलं एक याच वर्षी रचलेलं. प्रत्येक गाण्याखाली चार ओळी लिहा: म्हणणारीचं नाव, तिचं गाव, तिनं ते कोणाकडून घेतलं, आणि ते म्हटल्यावर काय झालं. नाव छापण्याआधी तिला विचारा. नाव देणं तिला धोक्याचं असेल तर 'नाव राखून ठेवलं आहे' असं लिहा, पण 'पारंपरिक' लिहू नका. स्पीकर ठेवा, पण बायांचं म्हणून झाल्यावर लावा. आणि मंडपाच्या दारातला करंडा आधी आत ठेवा. तो दारात असेल तोवर आत लावलेलं कुठलंही बंडाचं गाणं खोटं आहे.

या अंकाच्या वाचक मैत्रिणींना माझी विनंती आहे. तुमच्या गटातलं असं एक तरी गाणं, ज्यावर कोणीतरी हरकत घेतली, या चार ओळींसह उतरवून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. फोनवर ध्वनिमुद्रण केलंत तरी चालेल. चाल लिहिता येत नसेल तर कोणत्या फुगडीच्या, कोणत्या भजनाच्या चालीवर आहे ते कळवा. पुढच्या आठ मार्चच्या आत त्यांची पुस्तिका काढू, झेरॉक्सची निघाली तरी हरकत नाही. पूर्वीही आपल्या गाण्यांच्या पुस्तिका तशाच निघत होत्या, आणि त्या हातोहात फाटेपर्यंत वापरल्या जात होत्या.